सेट

ट्रेनिंगला आलेल्या प्रिन्सीबाईंनी फळ्यावर लिहिलं
माइंडसेट.
म्हणाल्या, हा बदला.

मागच्या बाकांवर आम्ही, बॅचिंग प्लांटवाले.
सोहारच्या उन्हाळ्यात
बर्फ घालून रात्री ओततो काँक्रीट,
नाहीतर गाडीतच धरतं.
धरलं, की ब्रेकर.
सेट म्हणजे काय
आम्हाला शिकवायला नको.

परकार कुजबुजला, मराठीत काय रे याला?
मनोवृत्ती, मी म्हटलं.
ती पेपरात असते. घरी काय म्हणतात?
घरी...
जळक्या सुंभाचा पीळ म्हणतात,
जित्याची खोड म्हणतात,
आणि माझी आई शेजारणीला सांगते,
पोरगा गल्फला सेट झाला.

बारा वर्षं इथं भिंतीवरचं घड्याळ बघतो
ते दीड तास मिळवूनच.
चार वाजले म्हणजे साडेपाच,
आईने गॅसवर चहा ठेवला असेल.
चहाचे दोनशे बैसे देतानाही
आधी रुपये होतात, मग घोट.

गेल्या सुट्टीत दापोलीच्या स्टँडवर
एका म्हाताऱ्याने वेळ विचारली.
माझ्या मनगटावर पाच,
तोंडातून निघालं साडेतीन.

तो निवांत पिशवीवर टेकला.
समोरून त्याची गाडी गेली.