हातचा

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, तीन महिने सौना बंद.
उष्णता बीजाला मानवत नाही.
मला हसू आलं. मुहू बेटावरच्या माणसाला
जेवू नको म्हणा, एक वेळ ऐकेल.

पहिल्या शनिवारी काल्यूनं कुंपणावरून विचारलं,
धूर दिसला नाही तुमचा?
म्हटलं, धुराडं तुंबलंय.
दुसऱ्या शनिवारी तो शिडी घेऊनच आला.
वर चढला, ब्रश फिरवला, उतरला,
काजळी माखल्या तोंडानं म्हणाला,
स्वच्छ आहे की रे.
माइरेनं त्याला कॉफी दिली, वर केकचा तुकडा दिला.
खरं तेवढं दिलं नाही.

मी फेरीवर असतो. गाड्या आत घेतो, बाहेर सोडतो,
दोन बोटांनी: ये, ये, अजून जरा, बस.
त्याच दोन बोटांच्या चिमटीत रात्री नऊला
तिच्या पोटाची कातडी.
डिझेलचा वास तीनदा धुऊनही जात नाही,
ती म्हणते, असू दे, निदान तू आहेस हे कळतं.

एकदा माझी पाळी शेवटच्या खेपेची होती.
ती सोबत आली, मांडीवर मासळीचा थंड डबा,
डब्यात बर्फ, बर्फात ते पेन.
गाड्यांच्या डेकवर, लाकडाच्या ट्रकाआड,
तिनं स्वेटर वर केला.
सामुद्रधुनी हलत होती.
लाट जाऊ दे, ती म्हणाली.
लाट गेली.
आता.

ती तिसरीच्या मुलांना गणित शिकवते.
तार्तूचा फोन मधल्या सुट्टीत यायचा,
नि ती फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहून ठेवायची:
अकरा.
मग आठ.
मग सहा.
पाचव्या दिवशी तीन.
हेंद्रिक नावाच्या पोरानं विचारलं, बाई,
ही कसली वजाबाकी? उत्तर कुठाय?
तिनं पुसून टाकलं.

तिनातला एक आत ठेवला. दोन गोठवले.
परतताना चार तास ती सीटबेल्ट
पोटापासून हातानं दूर धरून बसली.

चौदा दिवस आम्ही दारं हळू लावत होतो.

तेरावा होता खरं तर. शनिवार.
मी शेडमध्ये जाळी सोडवत होतो. ती दारात आली,
अंगात माझाच जुना कोट,
म्हणाली, लाकडं आण.
एवढंच.
बर्चची आणू की ऑल्डरची, असलं काहीतरी
मी विचारलं. विचारायला नको होतं.
नंतर म्हणालो, पुढच्या वेळी,
तर तिनं हातातली काड्यापेटी अशी धरली
की मी वाक्य तिथंच सोडलं.

धूर सरळ वर गेला, वारा पडला होता.
काल्यू अंगणातून दोन्ही हात हलवत ओरडला,
सुटलं की एकदाचं!
इतका खूश, जणू त्याचंच धुराडं.
मीही हात वर केला.
काय करणार.

आत पंच्याऐंशी अंश.
तिच्या पोटावर शेवटचे डाग, पिवळट,
नकाशावर नाव नसलेली बेटं असतात तसे.
तिनं दगडांवर पाणी ओतलं. वाफ आली.
बऱ्याच वेळानं विचारलं,
तिकडे किती असतं? त्या टाकीत?
उणे एकशे शहाण्णव.

ती ओल्या फळीवर बोटानं मांडू लागली.
मुलांना शिकवते तशी, मोठ्यानं:
पाच नि सहा अकरा.
अकराचा एक, हातचा एक.
आठ नि नऊ सतरा, नि हातचा

आणि थांबली.
बोट फळीवर तसंच.
आकडे वाळत चालले होते, या उष्णतेत काही टिकत नाही.
मी काही बोललो नाही.
पळीभर पाणी घेतलं,
नि तिचा हातचा धरून व्हायची
वाट बघत बसलो.