चिमूट

मोटारसायकलच्या मागे बांधलेली माझी पेटी:
बीपीचं यंत्र, गोळ्या, आणि लॅमिनेट केलेला तक्ता,
ज्यात एक लाल हृदय
मिठाच्या डोंगराखाली चिरडलंय.
तक्ता उलानबातरहून आला. प्रशिक्षणात बाई म्हणाल्या,
माणूस पाच पायऱ्या चढून बदलतो.
इथे पायऱ्या नाहीत.
गवत आहे, क्षितिजापर्यंत,
आणि क्षितिजामागेही गवतच.

दाम्बाचा वरचा आकडा एकशे ब्याऐंशी.
तक्ता हातात घेऊन, लांब धरून, जवळ धरून
तो म्हणाला, "डोंगर छान काढलाय."
तोवर त्सेरेनखांदने वाडगा भरला होता:
दुधाचा खारा चहा, वाफाळता,
दोन्ही हातांनी पुढे केलेला.
दोन्ही हातांनी आलेलं नाकारायचं कुठल्या हातानं?
मीठ कमी करा सांगायला गेलेली मी
त्यांचंच मीठ खाऊन परतले,
आणि खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे
नेमकं काय करायचं
ते सत्तर किलोमीटरच्या वाटेत काही सुचेना.

शरदात तो घोड्यावरून पडला.
घोड्याचा दोष, म्हणाला. मग हळूच,
जमीन फिरली.
मीचीद, नात, नऊ वर्षांची,
पुढल्या नादममध्ये शर्यतीत पळणार होती.
तिनं विचारलं, "शिकवायला बरोबर कोण येणार?"
तो लगामाची वादी पुसत राहिला,
पुसून झालेली, तरी पुसत राहिला.

त्यानंतर आकडा उतरू लागला.
एकशे चौऱ्याहत्तर. एकशे सहासष्ट.
मी अहवालात लिहिलं:
तक्त्याचा परिणाम समाधानकारक.

गेरच्या मागे शेणी रचताना
त्सेरेनखांद म्हणाली, इकडे तिकडे बघून,
"मुक्काम हलवला की एक चिमूट मागे ठेवते.
सगळं गाडीवर चढतं,
तेवढी एक चढत नाही.
नवी जागा, नवं पाणी; चव बदलली
तर माणूस ओढ्याला नावं ठेवतो, बायकोला नाही.
त्याला सांगू नकोस."
आणि खरंच आत तो कुरकुरत होता,
इथलं पाणी अळणी, गाई म्हाताऱ्या झाल्या,
पूर्वी गवतात जोर असायचा.

नव्या वर्षाच्या सणाला
मेंढीच्या शेपटीसकट सगळं मीठ परत आलं.
एकशे एकाहत्तर.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी आकडा लिहिला,
शेजारी काही लिहिलं नाही.

मग पुन्हा मुक्काम. पुन्हा एक चिमूट.

उन्हाळ्यात टेकडीवर तो घोड्यावर बसलेला,
मीचीद खाली धुळीचा एक ठिपका.
मी यंत्र गुंडाळत होते. एकशे शेहेचाळीस.
तो ठिपक्यावरची नजर न काढता म्हणाला,
"पहिल्या चिमटीपासून माहीत आहे मला.
एकेचाळीस वर्षं तिच्या हातचा चहा पितोय,
जीभ काय उधार आणलीय?"
मग कुरकुरता कशाला?
"कुरकुरलो नाही, तर तिला कळेल मला कळलंय.
मग ती लपवणं सोडेल.
तिला सांगू नकोस."
आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन
नातीला अशी हाक मारली
की माझी मोटारसायकलसुद्धा दचकली असेल.

अहवालात एक रकाना असतो:
बदलाचं कारण. जागा एका ओळीची.
मी लिहिलं, मुक्काम हलवला.
वरचे लोक काय समजायचे ते समजोत.

रात्री केंद्रामागच्या खोलीत चहा ठेवला.
खोली सिमेंटची,
बारा वर्षांत एक वीतही हललेली नाही.
माझा वरचा आकडा एकशे बावन्न,
तो कुठल्याच वहीत नाही.
हात सवयीनं डब्यात गेला,
आणि बोटांत चिमूट तशीच धरून
मी खिडकीशी जाऊन उभी राहिले,
एवढ्या रात्री कुणाची गाडी
मुक्काम हलवतेय का, बघायला.