घरात कधी असतेस

सावईवेऱ्याच्या बागेत आंतोनेतबाईने
आधी पैसे विचारले नाहीत,
ऊन कुठून येतं तेही नंतर.
"घरा केन्ना आसता गो तूं?" म्हणाली.

मी वासाची आमरी मागायला आले होते.
नुसती देखणी नको. देखण्या तर
बँकेच्या काउंटरवरही असतात, जांभळ्या,
जवळ गेलं की नाक काचेला टेकल्यासारखं.
मला हवं होतं सुरंगीच्या वळेसरासारखं काहीतरी,
केसांतून काढून उशीवर ठेवला तरी
दुसऱ्या दिवशी उरणारं.

ती सांगत गेली, कोळशाने काळे झालेले हात पुसत:
वास म्हणजे रंग नव्हे दिवसभर अंगावर असायला.
त्याची ड्युटी असते.
हिला चॉकलेटचा वास, पण दहा ते एक.
ऊन उतरलं की दुकान बंद.
ही बारीक पानांची, हिला नारळाचा.
मी हसले. ज्या घरात रोज नारळ खवला जातो
त्या घरात नारळाचा वास, साडेपाचशे रुपयांना?

सीतेची वेणी दाखवली. वर्षातून एकदा, पंधरा दिवस.
"वाळपईच्या रस्त्यावर पोरं विकतात ती घेऊ नको,
फांदीवरून ओरबाडलेली असते.
तुझ्याकडे ती फक्त मरायला येईल.
माझी बाटलीत जन्मलेली."

मग मी माझी वेळ सांगितली.
रात्री आठ ते सकाळी आठ, बांबोळीला,
पुरुषांचा वॉर्ड.
घरी पोचते साडेनऊला, नाकात फिनेल, स्पिरिट,
आणि माणसांचा तो वास
जो धुतलेल्या चादरीतूनही ओळखू येतो.
आंघोळ, झोप. जाग येते तेव्हा चार.
"उशाशी टांग चॉकलेटवाली."
झोपेत नाक झोपतं हो बाई, शिकवलंय आम्हाला.

कोपऱ्यात, जाळी फाटली होती तिथे,
कांद्याच्या पातीसारखं काहीतरी लोंबत होतं.
"आणि ही?"
"ही रातची. दिवसा हुंगलीस तर पाणी.
नऊ वाजले की..." तिने मूठ मिटून उघडली.
"पण तुला काय उपयोग?"

मला नव्हताच.

शर्वाणी सतरा वर्षांची. फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर
रात्री एकटी असते. अभ्यास,
कडी दोनदा बघणं,
अकराला माझा फोन: जेवलीस? गॅस बंद केलास?
एवढ्यावर सांभाळते मी तिला, पाच वर्षं झाली.

तीनशे ऐंशी रुपये. फुटक्या कौलाचे तुकडे वर फुकट.
बसमध्ये कंडक्टरने विचारलं,
पातीची जुडी केवढ्याला?

त्यानंतर काहीच झालं नाही, बराच काळ.
मी पाणी घालायची, मुळं हिरवी होतात का बघायची.
शर्वाणी म्हणायची, आई, ही मेलीय,
तू फक्त कबूल करत नाहीस.
एक पात पिवळी पडली. गोगलगाय आली, तिला मीठ.
चतुर्थी गेली, दिवाळी गेली.

आणि एका रात्री पावणेदोनला, सात नंबरच्या
सलाइनची बाटली बदलत होते, तेव्हा खिशात फोन थरथरला:
"बाल्कनीचं दार उघडं राहिलंय वाटतं.
कुणीतरी आताच न्हाऊन आल्यासारखा वास येतोय.
भीती नाही वाटत.
सहज विचारते, तू आलीयेस का?"

सात नंबरने पाणी मागितलं. दिलं.
थेंब मोजले.
मग लिहिलं: नाही.
आणि थोड्या वेळाने: दार लावू नकोस.

सकाळी साडेनऊला चप्पल न काढता बाल्कनीत गेले.
पाच फुलं, पांढरी, अरुंद पाकळ्यांची.
नाक लावलं. काही नाही.
पुन्हा लावलं.

शर्वाणीचा कप तिथेच, कठड्यावर,
तळाशी चहा सुकलेला.
खुर्ची ओढून आणलेली होती.