धुण्याची वही

शनिवारी 'रोझ अँड प्लाऊ'मध्ये पुन्हा वाद पेटला :
सैन्य कोणाचं भारी, आपलं की अमेरिकेचं.
माझा दीर सिरिल, ज्याने आजवर बंदूक रोखली ती फक्त कावळ्यांवर,
बोटांवर रणगाडे मोजत होता.
मग आरमार, मग विमानं, मग तोफांची तोंडं.
कोणाचा तरी पेला कलंडला
आणि टेबलाच्या कडेपर्यंत अटलांटिक पसरला.
मला कोणी विचारलं नाही.
मी दोन्ही सैन्यांचं धुणं धुते.

बीटच्या शेतापलीकडे त्यांचा तळ,
चर्चच्या मागच्या अंगाला आपला.
ते उजाडताना उडतात, आपले दिवेलागणीनंतर.
सफोकच्या आभाळाला झोप नाही,
माझ्या वाळणीच्या तारेलाही नाही.

वही सांगते :
त्यांचे सदरे बेचाळीस, आपले सतरा.
त्यांचं कापड भिजलं की असं जड होतं
की पिळताना मनगट बोलायला लागतं.
आपल्या सदऱ्यातून
पलीकडची कोंबडी दिसते.
ते साबणाची अख्खी वडी गाठोड्यात टाकून देतात,
आपल्याकडून येतं ते कुपन, तेही दुमडलेलं.
त्यांचा मोजा फाटला की फेकतात.
आपला फाटला की मी रफू करते, मग रफूवर रफू,
शेवटी मोजा उरतच नाही,
परेडला नुसता माझा रफू चालत असतो.

तर सिरिल, तुझा हिशेब बरोबर आहे.

पण ऑर्विल लिंडक्विस्ट नावाचा पोरगा,
विमानाच्या शेपटीत बसणारा, नेब्रास्काचा,
एकदा दारात घुटमळला. म्हणाला,
घरी आम्ही पिठाच्या पोत्यांचे सदरे घालायचो, मिसेस कॅटरमोल.
पाठीवर गिरणीचं नाव, कितीही धुतलं तरी न जाणारं.
दोन जोडी बूट मला पहिल्यांदा सैन्यानेच दिले.
मग खिशातून एक मोजा काढला,
करडा, घरी विणलेला, टाचेला भोक.
आईचा आहे, म्हणाला. फेकवत नाही.
आणि दुसरा?
दुसरा पायात असतो. उडताना.

मे महिन्यात, एका गुरुवारी,
त्यांची चौदा गाठोडी न्यायला कोणी आलं नाही.
सोमवारी जीपमधून साहेब आला, यादी काढली,
नावं वाचली, पैसे मोजले, वर एक शिलिंग जास्तच ठेवला,
गाठोडी घेऊन गेला.
त्याच आठवड्यात त्याच खाटांवर नवी पोरं,
घडी न मोडलेल्या सदऱ्यांची.
बळ म्हणतात ते हेच असावं, सिरिल :
खाट गार होऊ द्यायची नाही.

आपली तीन पडून होती.
त्यांच्यासाठी म्हातारा कारकून आला सायकलवरून,
म्हणाला, पैशाचं पुढच्या महिन्यात बघू,
आणि समोरचा चहा गार होईपर्यंत
टोपी हातात फिरवत बसून राहिला.
हे कोणाच्या बाजूने मोजायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

मोजा साहेबाच्या यादीत नव्हता.
सैन्याचा नव्हताच तो.
टाच मी भरून ठेवली होती,
लोकर जुळली नाही म्हणून थोडी निळसर.

आता लढाई संपली. रेज घरी आला,
माझ्या कपाटात त्याने पहिल्यांदा तो एकटा मोजा पाहिला
आणि काही विचारलं नाही; बरं केलं.
रेडिओवर सांगतात, अमेरिकेचं देणं फार झालंय,
हप्ते पन्नास वर्षं चालतील.
सिरिल कपाळाला हात लावून बसलाय.

सरकारचं सरकार बघेल.
माझ्या वहीत शेवटच्या पानावर
लिंडक्विस्ट, नेब्रास्का, एवढाच पत्ता,
आणि पुढे माझ्याच अक्षरात :
एक मोजा, देणे.