चारशे बारा दारं

व्हिडिओत आइवार म्हणाला होता,
"गावातलं प्रत्येक दार उघडेल."
तीन मिनिटं चाळीस सेकंदांत
तेवढं एकच वाक्य आधी कागदावर लिहिलेलं नव्हतं.
मी कॅमेऱ्यामागे होते. थांबवलं नाही.
तार्तूतल्या आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ,
आणि त्याचा चेहरा ताप चढल्यासारखा लाल.

तीस दिवसांत दोन हजार एकशे सोळा माणसांनी
त्या वाक्यावर पैसे लावले.
कुणी पाच युरो, कुणी वीस,
ओसाकाच्या एका दंतवैद्यानं तीनशे.
आकडा चढताना आम्ही बघत बसायचो,
दूध उतू जाईल म्हणून बघतात तसे.
आणि ते उतू गेलंच.

मग मोजदाद झाली.
वाटाणा गल्ली, घेवडा गल्ली, बटाटा रस्ता
(आमच्या पेठेतली नावं खरंच अशी आहेत,
गेममधलं गाव त्यांच्यावरूनच बेतलेलं),
दारं भरली चारशे बारा.
दार उघडायचं तर मागे खोली हवी.
खोलीत खुर्ची. खुर्चीवर कुणाचा तरी कोट.
कोटाच्या खिशात काय, असं विचारणारेही असतात
आणि त्यांनी पन्नास युरो दिलेले असतात.

आइवार खोल्या बांधत गेला.
मी आवाज गोळा करत गेले.
बिजागरीची कुरकुर, कडीचं खट्ट,
फुगलेल्या फळीचं चौकटीशी भांडण.
शेजारच्या लेम्बितनं शेडची किल्लीच दिली,
वर बायकोला बजावलं, आता तेल घालू नकोस.

एकशे एकोणसाठाव्या दारापाशी पैसे संपले.
आइवार रात्री बेकरीत पीठ मळायला लागला,
सकाळी, नखांत पीठ, एखादी खोली.

पत्रं यायची. आधी "कधी?"
मग "अजून?"
मग नुसतं प्रश्नचिन्ह.
एम्डेनच्या ओन्नोनं मात्र पूर्ण वाक्यं लिहिली:
वीस युरो परत करा. चोर आहात तुम्ही.
आइवारनं ते छापून फ्रिजवर लावलं.
मी काढलं. त्यानं परत लावलं.

देणगीदार म्हणावं, तर त्यांनी दान केलेलं नाही.
भागीदार म्हणावं, तर नफ्यात वाटा नाही.
काहीही म्हणा, शब्दाच्या शेवटी
दार येतंच.

चौथ्या हिवाळ्यात माझ्याजवळचे आवाज संपले.
मी सगळ्यांना लिहिलं, आइवारला न विचारता:
गेम तयार नाही. कधी होईल सांगता येत नाही.
तुमच्या घराचं दार एकदा उघडून, लावून
तो आवाज पाठवाल का?

आठवडाभर काही नाही.
मग वाल्पाराइसोहून एक जाळीचं दार, मागे कोंबडा.
एक लिफ्ट. एक तुरुंगातलं,
"नोकरी करतो तिथे," असा खुलासा.
एकीनं नऊ सेकंद शांतता पाठवली,
खाली लिहिलं: सरकतं आहे, नवं आहे, माफ करा.

आणि ओन्नो.
मजकूर नाही. चार सेकंद.
धाडकन.
मी हेडफोन ओढून काढले.
दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं,
आपटण्याआधी तो हळूच काही तरी म्हणतोय.
मला जर्मन येत नाही.
लेम्बितच्या सुनेला ऐकवलं.
ती म्हणाली, "बोट सांभाळ."
म्हणाली, असं लहान मुलाला सांगतात.

वीस युरो परत केले त्याला.
आवाज ठेवून घेतोय, असंही कळवलं.
उत्तर आलं नाही.

आज तीनशे पाच दारं उघडतात.
बाकीच्यांवर टकटक करता येते.
रात्रपाळीला निघण्याआधी, एक बूट पायात,
आइवार घेवडा गल्लीच्या टोकाचं निळं दार
लावून बघतो, पुन्हा लावून बघतो.
आधीचे दोन शब्द मी कापलेले नाहीत.
आत अजून काही नाही,
एक खुर्ची आहे.
कोट व्हायचाय.