काठावरचा थर

पाषाणला आज नऊ अंश, आणि झगडेकाका
मफलरीतून विचारतात, "अजून किती उतरायचंय?"
"चारपर्यंत."
"मग झालंच की."
"तुमचे अंश नव्हेत, काका. केल्विनचे."
हेलियमच्या टाकीला ते म्हशीला मारावी तशी थाप मारतात.

स्फटिक सकाळीच सोलला.
चिकटपट्टी लावायची, ओढायची, पुन्हा लावायची;
सुतारवाडीतल्या स्टेशनरीवाल्याची, टेंडर न काढता आणलेली.
दोनशे पापुद्र्यांत एक कामाचा निघाला,
जांभूळ खाऊन तासाभराने जिभेवर उरतो
तेवढाच रंग.
रंगावरून थर मोजले. चार.

वर, खाली, वर, खाली.
प्रत्येक थर आपल्यापुरता पक्का चुंबक
आणि शेजाऱ्याच्या नेमका उलट.
बेरीज शून्य.
काका एकदा टाचणी घेऊन आले होते.
"उचलतो?"
नाही.
"मग चुंबक कशाला म्हणायचं?"
मी उत्तर दिलं होतं, पाठ केलेलं.

रात्री अडीच. टेकडीवर मोर ओरडतो, अवेळी.
चुंबकीय क्षेत्र मी वाढवत नेते, कणाकणाने.
पडद्यावरची रेघ आडवीच्या आडवी,
आडवीच,
आणि मग एक पायरी.
आवाज होत नाही. मला मात्र आला.
परतलेला प्रकाश केसभर वळून आलाय:
एक थर पलटला,
सगळ्यात खालचा.

मधल्यांना दोन्हीकडून शेजारी धरून असतात.
काठावरच्याला एकच.
म्हणून तो आधी जातो.

हे वहीत लिहिलं,
आणि बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही.
प्रबंधात हे वाक्य असं चालणार नाही.

दुप्पट क्षेत्राला आतलाही वळला. चारही वर.
आता परत.
पण परतीची पायरी त्याच जागी नाही,
बरीच अलीकडे;
चांदणी चौकातल्या नव्या पुलांसारखं,
जाताना जिथे वळलो
तिथे येताना वळताच येत नाही.

काका चहा घेऊन येतात, आलेख बघतात.
"फिरून शून्यावरच आलात."
"हो."
पण हे मघाचंच शून्य,
की खाली, वर, खाली, वर?
प्रकाशाला दोन्ही सारखीच दिसतात.
हे काकांना सांगावं म्हणून मी वळते,
तर ते मफलरीला टाचणी लावतायत,
दातात दुसरी.