आज कसा आहे वास

त्या वर्षी आंबिया बहर असा फुटला
की संत्र्याच्या फुलांनी अख्खं गाव घमघमत होतं.
एस.टी.चा कंडक्टरसुद्धा फाट्यावर उतरून
दोन मिनिटं उगाच उभा राहिला.
आणि बाबा बांधावरून म्हणाले,
"अजून नाही फुलला वाट्टे."

तेव्हा कळलं आम्हाला.
पंधरा वर्षं पाठीवर पंप,
तोंडाला बांधलेलं उपरणं घामानं खाली घसरलेलं;
नाक नेमकं कधी गेलं
त्याची तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती.
वरूडच्या डॉक्टरनं तीन बाटल्या पुढे केल्या.
कापूर. लवंग. रॉकेल.
बाबा म्हणाले, "पांढरं. काळं. निळं."

आई त्यावर काही बोलली नाही.
मावशीकडे चांदूरला गेली
आणि येताना गावठी गुलाबाच्या चार काड्या घेऊन आली.
ओल्या फडक्यात काड्या, फडकं पन्नीत,
पन्नी पिशवीत, पिशवी मांडीवर, वरून पदर.
"नाक नाही ज्याले त्याले गुलाब!"
शेवंताकाकू कुडावरून हसली.
"हात हायत ना त्याचे," आई म्हणाली.

काळ्या मातीला गुलाबाचं वावडं.
पावसात ती पाणी सोडत नाही,
उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढी फाटते
आणि मुळं तोडते.
कढीपत्ता आणि वालाच्या मांडवाच्या मधोमध
बाबांनी गुडघाभर खड्डा खणला.
मुरूम टाकला, विटांचा चुरा, दोन वर्षांचं शेणखत.
खत कुजलं की नाही ते
हुंगून नाही, मुठीत दाबून ओळखलं.
शेजारी एक पाझरतं मडकं गळ्यापर्यंत पुरलं.
न्हाणीचं पाणी इकडे वळवायचं नाही,
साबणानं रुसते, अशी सगळ्यांना ताकीद.

दोन काड्या वाळल्या.
एक कोंडबाच्या शेळीनं खाल्ली.
उरली ती मे महिनाभर
आईच्या विटक्या लुगड्याच्या सावलीत
नव्या बाळंतिणीसारखी राहिली.

दुसऱ्या थंडीत पहिलं फूल.
हारातल्या गुलाबासारखं ताठ नव्हे,
सैल, फिक्कट, पाकळ्या एकमेकींवर रेललेल्या,
दुपार झाली की मान टाकणारं.
बाबा त्याच्यापुढे उकिडवे बसले.
"सांग बरं बाई, कसा आहे वास?"

मी नववीत होते. गोड, म्हणाले.
"गोड त साखरही असते."

मग रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी
मला झाडापाशी जावं लागायचं.
पितळी गडव्यातल्या रात्रीच्या पाण्यासारखा, मी सांगायची.
ताप उतरल्यावर कपाळ लागतं तसा.
पुसलेल्या ओल्या पाटीसारखा, वरून थोडी लवंग.
लवंग म्हटलं की ते मान हलवायचे:
"काळं. समजलं."
कधी कंटाळून कालचंच सांगितलं
तर त्यांना बरोबर कळायचं.
संत्र्याच्या हिशेबाच्या वहीत ते सगळं उतरवत,
युरिया दोन पोती, मजुरी अकराशे,
त्याच्या खाली: गुलाब, ओली पाटी.

छाटणी दिवाळीनंतर, हात न थरथरता.
डोळ्याच्या वर पाव बोट, तिरका काप.
छाटलेल्या काड्या मागेल त्याला.
आता अर्ध्या गल्लीत हा गुलाब आहे,
शेवंताकाकूकडे तर दोन.

मी नागपूरला असते. तिसरा मजला,
खिडकीखाली पार्किंग.
सकाळी सातला फोन वाजतो.
"आज ओल्या पाटीसारखा हाय," बाबा सांगतात,
"थोडा ताप उतरल्यासारखाही. लवंग कमी."
मी डोळे मिटून ऐकते.
कुणाला विचारून सांगता, असं मी विचारत नाही.

मागून आईचा आवाज येतो,
भांड्यांच्या खडखडाटातून:
"काहून खोटं सांगता व पोरीले?
अजून फुललाच नाही तो."